हिशोबाची भीती लेकरांच्या वाट्याला नको

आई-बाबांनो, आज आधी तुमच्याबद्दल बोलायचं आहे. लेकरांबद्दल मग.

संध्याकाळी तिसरी-चौथीतलं पोरगं गणिताची वही घेऊन जवळ येतं. हातच्याची बेरीज असते, नाहीतर भागाकार. आणि आपल्या तोंडून निघून जातं, "मला नको रे विचारू, मला गणित कधी आलंच नाही." बदनापूर आणि आसपासच्या गावांतल्या पालकांशी बोलताना हे वाक्य इतक्या घरांतून कानावर येतं, की त्यावर बोलल्यावाचून राहवत नाही. दहावी झालेली आई हे म्हणते, बी.ए. झालेले वडीलही म्हणतात. वाचता येत नाही, असं सहसा कुणी चारचौघांत सांगत नाही. गणित येत नाही, हे मात्र आपण सहज सांगून टाकतो.

ते सहज नसतं, हे मला ठाऊक आहे. दुकानदारानं परत दिलेले पैसे न मोजता मुठीत धरून बाहेर पडणाऱ्या बाया मी पाहते. बचत गटाचं रजिस्टर लिहायची पाळी आली की चष्मा घरी राहिल्याचं सांगणारी ताई मला माहीत आहे. मोंढ्यात अडत्यानं हातात दिलेली हिशोबपट्टी न बघता घडी घालून खिशात ठेवणारे भाऊही आहेत. मागे चार लोक उभे असतात, आपण आकडे लावत बसलो तर ते काय म्हणतील, ही धास्ती. घरी येऊन शांतपणे बसलं की तोच हिशोब त्यांना जमतो. जमत नाही तो लोकांदेखत, कुणी वाट बघत उभं असताना.

ही भीती बहुतेकांच्या अंगात तिसरी ते सातवीच्या दरम्यान शिरलेली असते. फळ्यासमोर उभं केलं, साताचा पाढा म्हणायला लावला, सात आठे छप्पनला जीभ अडखळली, छडी बसली, वर्ग हसला. तेव्हापासून आकडा दिसला की तो वर्गच डोळ्यासमोर येतो. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली. तुमच्या-माझ्या पिढीला ते संरक्षण नव्हतं. तुम्ही 'ढ' होता म्हणून तुम्हाला गणित आलं नाही, असं जर आजही मनात धरून बसला असाल, तर ते काढून टाका. घाबरलेल्या लेकराला कुणी नीट शिकवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भीतीनं डोक्यात नेमकं काय होतं, तेही समजून घ्या. 47 आणि 38 ची तोंडी बेरीज करताना सात आणि आठ पंधरा, पाच लिहायचे, एक हातचा, हे सगळं काही क्षण मनात धरून ठेवावं लागतं. मनातली ही जागा फार थोडी असते. 'चुकलं तर?', 'हसतील का?', 'किती वेळ लागतोय' हे विचार तीच जागा अडवून बसतात आणि हातचा निसटतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क अ‍ॅशक्राफ्ट यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून हे दाखवलं. पुढे 2012 साली इयन लायन्स आणि सायन बायलॉक यांनी गणिताला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास केला. आता गणित करायचं आहे, असं समजल्याबरोबर या माणसांच्या मेंदूत दुखापतीच्या वेळी जागे होणारे भाग जागे होत होते. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र तसं दिसलं नाही. त्रास असतो तो सुरू करण्याआधीच्या धास्तीचा. म्हणून हिशोबाला बसताना छातीत धडधडलं तर लगेच उठून जाऊ नका. कागदावर पहिला आकडा मांडा, एक पायरी पुढे जा. ती धडधड बरीच ओसरते.

आता मला तुम्हाला एक उलटी गोष्ट दाखवायची आहे. गणित येत नाही असं म्हणणारे तुम्ही दिवसभर काय करता, ते बघा.

औषधाच्या बाटलीवर दहा लिटर पाण्याला 4 मिली असं लिहिलेलं असतं आणि पाठीवरचा पंप 15 लिटरचा. तुम्ही कुणालाही न विचारता म्हणता, दहाला चार, पाचाला दोन, म्हणजे सहा मिली. शाळेत यालाच त्रैराशिक म्हणत होते आणि त्या तासाला तुमच्या पोटात गोळा येत होता. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन 711 ही तूर साधारण 150 ते 155 दिवसांत येते. जूनअखेर पेरली तर नोव्हेंबरअखेर काढणीला येईल, मग हरभऱ्याला रान मोकळं मिळायला उशीर होईल की नाही, हे तुम्ही बांधावर उभे राहून ठरवता. सातबाऱ्यावर 1 हेक्टर 42 आर लिहिलेलं असतं, घरात बोलणं एकरांत चालतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच, म्हणून 142 आर म्हणजे साधारण 140 गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, दोघा भावांत पावणेदोन-पावणेदोन. वाटणीच्या वेळी हे सगळं गावात तोंडी चालतं, आणि एका गुंठ्याचीही चूक कुणी खपवून घेत नाही!

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा कराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बारा वर्षांच्या पोराला दहा शहाळ्यांची किंमत विचारली. एकाची किंमत 35. पोरानं सांगितलं, तीनाचे 105, आणखी तीनाचे मिळून 210, मग 315, आणि शेवटी 350. पस्तीसवर शून्य द्यायची शाळेची युक्ती त्यानं वापरली नाही, पण उत्तर बरोबर काढलं. अशाच मुलांना तीच गणितं कागदावर दिली तेव्हा बरीचशी चुकली. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी 1,400 हून अधिक मुलं तपासली. तो अभ्यास 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारात भराभर हिशोब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितांत अडली. आणि शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडली. दोन्हीकडे डोकं तेच असतं, पण मधला पूल कुणी बांधलेला नसतो. तो पूल घरात बांधता येतो, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या कष्टकरी बायांसाठी बँक काढायचं ठरवलं. बायांना लिहिता-वाचता येत नाही, या कारणानं रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला. म्हसवडच्या बाया लिहायला-वाचायला शिकू लागल्या, आणि पुन्हा अर्ज घेऊन जाताना चेतनाताईंबरोबर स्वतः गेल्या. साहेबांना त्या म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून हिशोबही येत नसणार, हा समज त्या बायांनी साहेबांच्या टेबलावरच मोडून काढला.

आणि आपल्या मराठवाड्यातली जुनी पिढी? 17 सप्टेंबर 1948 पर्यंत जालना, बदनापूर हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. व्यवहारात हाली रुपया चालायचा, इंग्रजी मुलखात कळदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कळदार, असा बट्टा लावून माणसं मनमाडकडे माल पाठवायची. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया, मणाचे चाळीस शेर. मग 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना उतारवयात सगळा हिशोब नव्यानं शिकावा लागला. त्या शिकल्या, कारण बाजार रोजचा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांची त्यांना सवय होती, आणि सवयीमागे घाई नव्हती. मोठेपणी गणित शिकता येत नाही, असं कुणी म्हटलं तर मला पहिल्यांदा त्या आठवतात.

सगळा दोष शिक्षकांचा किंवा आपल्या घाबरटपणाचा आहे, असंही नाही. आपले संख्यावाचक शब्द खरोखर अवघड आहेत. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहायचा असतो. 'एकोणसाठ' ऐकल्यावर साठातून एक वजा करावा लागतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, थट्टाही झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं, की जोडाक्षरांचे शब्द आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडतात, त्यांना समजायला सोपं जावं म्हणून हे आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. पारंपरिक शब्द राहावेतच, पण अडलेल्या लेकराला 'साठ आणि तीन' असं फोडून सांगण्यात भाषेचं काहीही बिघडत नाही. तुम्ही स्वतः त्रेसष्ट आणि छत्तीस यांत गोंधळत असाल, तर तुम्हीही तसंच मनात म्हणा.

आता लेकरांबद्दल.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली पहिली-दुसरीतल्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताला घाबरणारे आई-वडील जेव्हा मुलांचा गणिताचा गृहपाठ वारंवार करून घेत, तेव्हा ती मुलं वर्षभरात कमी शिकली आणि वर्षाच्या शेवटी त्यांची स्वतःची भीती वाढली. जे घाबरणारे पालक गृहपाठात फारसे पडत नव्हते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. वाचून वाईट वाटेल. जी आई मनापासून मदत करू बघते तिच्याच लेकराला ही झळ लागावी! पण यात दोष मदतीचा नाही. वही उघडताच आपला आवाज चढतो, "एवढं सोपं येत नाही?" असं निघतं, कपाळावर आठी येते, आणि लेकरू गणिताबरोबर ती आठीही शिकतं.

त्याच वर्षी त्याच गटातल्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. रात्री झोपताना आकड्यांची एखादी छोटी गोष्ट आई-वडिलांनी मुलांबरोबर वाचायची आणि तिच्यावर चार शब्द बोलायचे, एवढंच त्यांनी घरांना सांगितलं. पहिलीतल्या मुलांची वर्षभरात गणितात प्रगती झाली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो गणिताला घाबरणाऱ्या पालकांच्या मुलांना. गृहपाठाच्या वहीवर जे बिघडत होतं, ते गप्पांमध्ये सुधारलं.

म्हणून माझं सांगणं असं आहे. गृहपाठ शाळेवर, शिक्षकांवर किंवा मोठ्या भावंडावर सोडा; त्याची लाज बाळगू नका. तुमच्याकडे जे गणित आहे ते लेकरासमोर मोठ्यानं बोला. पंप भरताना दहाला चार, पाचाला दोन म्हणा आणि आठ लिटर भरलं तर किती, ते त्याला विचारा. मोंढ्याची पट्टी घरी आली की ती दोघांनी मिळून वाचा. समजा, तूर 7 क्विंटल 35 किलो आणि भाव 6,800. आधी अंदाज करा: सात हजारानं सात क्विंटलचे 49 हजार, भाव सात हजारांहून थोडा कमी आहे पण वर 35 किलो आहेत, म्हणजे आकडा 50 हजारांच्या आसपास यायला हवा. मग नीट करा: सात क्विंटलचे 47,600. क्विंटलला 6,800 म्हणजे किलोला 68, पस्तीस किलोचे 2,380. एकूण 49,980. त्यातून हमाली-तोलाई किती कापली, तेही बघा. आधी अंदाज घेण्याची ही सवय भित्र्या माणसाला फार आधार देते, कारण मोठी चूक झाली तर ती लगेच दिसते, आणि छोट्या चुकीनं आभाळ कोसळत नाही. मोबाइलवर पडताळा घ्यायला काहीच हरकत नाही. आधी तोंडानं, मग यंत्रानं.

मध्येच चुकलात तर चुकू द्या. "थांब, माझा हातचा राहिला वाटतं, परत बघू" हे वाक्य लेकरानं बापाच्या तोंडून ऐकावं, असं मला फार वाटतं. मोठा माणूसही चुकतो, न रागावता मागे येतो आणि बरोबर करतो, हे बघितलेलं पोरगं वर्गात चुकलं तरी खचत नाही.

हे सगळं मी एवढ्या कळकळीनं सांगते त्याला आणखी एक कारण आहे. या भीतीची किंमत पैशात मोजावी लागते. "फक्त दोन रुपये शेकडा" ऐकायला थोडं वाटतं. तो दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला 24 टक्के. 30 हजारांचं कर्ज, 18 टक्के सरळ दरानं एक वर्षासाठी घेतलं, तर व्याज 5,400 आणि हप्ता 2,950. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण 30 हजारांवर भरता, त्यामुळे खरा दर 31-32 टक्क्यांच्या घरात जातो. समोरचा भराभर आकडे बोलतो, आपल्याला विचारायची लाज वाटते आणि आपण अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतो. तसं करू नका. "साहेब, सावकाश सांगा, मला लिहून द्या, मी घरी बघून उद्या येते," एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मागची रांग थांबेल थोडी.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. काही मुलं, आणि काही मोठी माणसंही, भीती नसताना, चांगलं शिकवूनही आकड्यांत अडतात. सात मोठे की नऊ, हे चटकन कळत नाही, घड्याळ वाचता येत नाही, साध्या बेरजेलाही वर्षानुवर्षं बोटं लागतात. याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. ही गणितापुरती अध्ययन अक्षमता आहे, बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांना सवलती मिळतात. शंका आली तर लेकराला मारत-कोंबत बसू नका, शाळेत मुख्याध्यापकांना भेटून तपासणीबद्दल विचारा.

आणि ज्यांना स्वतःलाच पुन्हा शिकायचं आहे त्यांच्यासाठी. धास्ती फार असेल तर हिशोबाला बसण्याआधी पाच-दहा मिनिटं मनात येतं ते कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका. गणिताला घाबरणाऱ्यांना असं लिहिल्यानं मदत होते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. मनातली अडलेली जागा थोडी मोकळी होते. मग तिसरीचं पुस्तक घ्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. रोज थोडं करा आणि लेकराला शिकवायला बसवा. आईला शिकवणारं पोरगं स्वतः किती पक्कं होतं, ते तुम्हीच बघाल. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन शिकायला जाऊ लागल्या. तुमचं वय तर अजून कितीतरी कमी आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी ज्यांची शाळा झालीच नाही असं कुणी असेल, तर त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन जा. 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांपुढच्या निरक्षर व्यक्तीला नाव नोंदवता येतं. त्याच्या 150 गुणांच्या चाचणीत वाचन आणि लेखनाबरोबर 50 गुण संख्याज्ञानाला आहेत, आणि राज्यातली पहिली चाचणी 17 मार्च 2024 रोजी झाली. नाव नोंदवताना लेकरालाही बरोबर न्या.